खाडी सगळ्यांची, पण खुंट कोणाचे?

रायगडातल्या एका खाडीच्या दाव्यात कोर्टाने मला कमिशनर नेमलं होतं, म्हणजे जागेवर जायचं, सर्व्हेयरकडून मोजणी करून घ्यायची आणि नकाशासकट रिपोर्ट द्यायचा. वादी शेठने खाजण, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन, विकत घेतलेलं, आणि त्याचं म्हणणं असं की सातबारा पार खाडीत जातो तेव्हा कोळ्यांनी तिथे बोकशी, म्हणजे खुंटांना बांधायचं पिशवीसारखं जाळं, लावायची नाही.

ओहोटीला पोचलो. शेठच्या माणसाने चिखलात हद्दीचा सिमेंटचा खांब दाखवला, तर त्याला कमरेपर्यंत कालवं चिकटलेली! आता कालवं काय कोरड्या शेतात धरतात? खांब रोज भरतीला बुडतो हे शेठने स्वतःच रोवून ठेवलेलं, मी लगेच फोटो काढायला लावले. महसूल संहिता १९६६, कलम २० प्रमाणे खाडीचा भरतीरेषेखालचा तळ सरकारचा, कोणी आपला हक्क सिद्ध केला तर गोष्ट वेगळी. बांधाच्या आत, उघाडीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) अलीकडे शेठने जिताडा मासा पाळला तर त्याला कोण विचारतंय, पण इथे बांधाच्या बाहेरची गोष्ट चाललेली.

"बाय, खाडी काय त्याच्या बापाची हाय?" एक म्हातारे कोळी म्हणाले. माझ्या मनात हे प्रकरण तिथेच निकाली निघालं होतं, खरं सांगते.

तेवढ्यात पलीकडच्या गावची पोरं होडी घेऊन आली आणि जुंपली. पोरांनी म्हाताऱ्यांच्या खुंटांच्या वरच्या अंगाला, अगदी तोंडावर, नवे खुंट ठोकलेले, त्यामुळे ओहोटीबरोबर उतरणारी कोळंबी आधी यांच्या जाळ्यात जाणार आणि म्हाताऱ्यांना राहिलंसाहिलं. म्हातारे चिडले तर पोरगा काय म्हणतो, "आजोबा, खाडी काय तुमच्या बापाची आहे?" शेठचा माणूस तोंड फिरवून हसला.

आता याला काय बोलणार. मासेमारीचा हक्क सगळ्यांचा, पण दुसऱ्याचं जाळं अडेल असा वापरायचा नाही हे मुंबई हायकोर्टाने १८७६ मध्येच बबन मायाचा केसमध्ये म्हटलंय, तोही खुंट-जाळ्यांचाच वाद, फक्त समुद्रातला. तिथे चिखलात उभं राहून ते सांगायला मी गेले नाही, कमिशनरने निवाडा करायचा नसतो. दोघांचे खुंट नकाशावर घेतले मात्र, तर शेठच्या वकिलाने लगेच हरकत नोंदवली की हा दाव्याचा विषयच नाही. बरोबरच आहे त्यांचं. दावा अजून चालू आहे आणि पोरांचे खुंटही तिथेच आहेत.