मशीन वसूल झाले का?

मुंबईत साकीनाक्याला माझा गाळा आहे, तिथे मी बॅट, ट्रॉफी अशा वस्तूंवर लेझरने नावे कोरते. गाळ्यात ओळखीचे कोणीही आले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: लेझरचे मशीन कितीला पडले आणि ते किती दिवसांत वसूल झाले? विचारणाऱ्यांपैकी काहींना स्वतःला हा धंदा सुरू करायचा असतो, तर काहींना माझा दर जास्त वाटत असतो. समजूत मात्र दोघांचीही सारखीच असते, की संगणकावर नाव टाइप करायचे, बटण दाबायचे आणि पैसे घ्यायचे. आजवर मी थोडक्यात काहीतरी सांगून विषय बदलत आले. तुम्ही पुन्हा विचारलेत, म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

मुळात ‘मशीन’ एक नसते. सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, लाकूड, चामडे आणि अॅक्रिलिक ती शोषून घेतात, पण उघडा धातू ती परतवून लावतो. धातूसाठी १.०६ मायक्रॉनचे फायबर लेझर लागते. म्हणजे एकाच ट्रॉफीचा लाकडी पाया एका मशीनवर जातो आणि नावाची धातूची पट्टी दुसऱ्यावर. सीओटूची, किरण तयार करणारी काचेची ट्यूब झिजते आणि ठरावीक काळाने बदलावीच लागते, हा खर्च वसुलीच्या गणितात कोणीही धरत नाही.

बॅटवर नाव कोरायला मशीनला दोन-तीन मिनिटे लागतात, हे खरे आहे. परंतु बॅटची पाठ सपाट नसते. मधोमध उंचवटा आणि दोन्ही कडांकडे उतार असतो, आणि दोन इंची लेन्स ज्या अंतरात रेघ धारदार उमटवते ते अंतर जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरचे असते. जागा चुकली की नावाचे पहिले आणि शेवटचे अक्षर धूसर होते. विलोचा, म्हणजे बॅटच्या लाकडाचा, मऊ भाग खोल जळतो आणि ग्रेन्सच्या, म्हणजे लाकडातल्या उभ्या, गडद रेषा कमी जळतात, म्हणून बारीक अक्षर तुटक दिसते. वापरलेल्या बॅटमध्ये जवसाचे तेल मुरलेले असते. ब्लेडवर चिकटवलेली पारदर्शक शीट कशाची आहे हे मालकाला सहसा माहीत नसते, आणि ती पीव्हीसी प्लास्टिकची निघाली तर जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सोडते, जो फुप्फुसांनाही घातक आणि मशीनच्या लोखंडालाही. रेक्झिनच्या किटबॅगवर ‘फक्त छोटेसे नाव’ मागणाऱ्यांना मी नकार देते तो याच कारणाने. त्यात आखडूपणा नाही. कॅरमच्या स्ट्रायकरचे वजन नियमाप्रमाणे १५ ग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही आणि स्पर्धा खेळणारा माणूस आपला स्ट्रायकर हाताला बसेपर्यंत पारखून घेतो. त्यावर एका बाजूला खोल कोरले तर तोल बिघडतो, म्हणून तिथे पृष्ठभाग पांढुरका होईल एवढीच ताकद लावायची आणि रचना मध्यबिंदूभोवती सारखी ठेवायची. सह्याद्रीत चढाई करणारे पाण्याची बाटली घेऊन येतात तेव्हा मी आनंदाने काम करते, पण त्यांच्या कॅराबिनरला, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीला, हात लावत नाही, कारण त्याच्यावर माणसाचा भार पडतो.

यातले काहीही पुसता येत नाही. छापलेले बॅनर चुकले तर दुसरे छापता येते. दुसऱ्याची, हाताला सरावलेली वस्तू मला दुकानातून आणून देता येत नाही. माझ्या दरात सर्वांत मोठा भाग या जोखमीचा आहे, आणि तो जास्त वाटत असेल तर मी तो कमी करणार नाही.

पावसाळ्याबद्दलही सांगितले पाहिजे, कारण मशीन विकणारे त्याबद्दल बोलत नाहीत. ट्यूब थंड ठेवण्यासाठी चिलरचे, म्हणजे तिच्यातून पाणी फिरवून थंड करणाऱ्या यंत्राचे, पाणी वीस अंशांच्या आसपास ठेवा, असे सांगितले जाते. मुंबईत जुलैमध्ये हवेचा दवबिंदूच, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते तोच, चोवीस-पंचवीस अंशांवर असतो. म्हणजे सल्ला तंतोतंत पाळला तर ट्यूबवर बाहेरून पाणी जमते, आणि तिच्या एका टोकाला हजारो व्होल्टचा दाब असतो. म्हणून त्या महिन्यांत पाणी थोडे गरम ठेवावे लागते, काम सावकाश करावे लागते आणि ट्यूबचे आयुष्य कमी होणार हे मान्य करावे लागते. याच शहरात १९४८ पासून कांगा लीगचे क्रिकेट भर पावसाच्या दिवसांत खेळले जात आले आहे, त्यामुळे पाऊस लागला म्हणून बॅटचे काम येणे थांबत नाही.

आता ज्या प्रसंगामुळे वसुलीचे उत्तर मला सरळ देता येत नाही, तो सांगते.

माझे जवळजवळ निम्मे काम एका घाऊक व्यापाऱ्याकडून येत असे. क्रिकेट अकादम्यांची नावे, शाळांच्या स्पर्धांच्या पट्ट्या, बुद्धिबळाच्या पेट्या असे ते काम होते. त्याने कधी उधारी ठेवली नाही आणि घासाघीस केली नाही. त्याच्याच कामाच्या भरवशावर मी एक मदतनीस ठेवला. मुलगा हुशार होता. बॅट पक्की बसवण्यासाठी त्याने स्वतःच्या कल्पनेने लाकडी जिग तयार केले होते आणि ते माझ्या जिगपेक्षा चांगले होते.

एके दिवशी व्यापाऱ्याच्या टेम्पोतून कोऱ्या बॅट आल्या आणि सोबत एक पेन ड्राइव्ह. मदतनिसाने पहिली बॅट जिगमध्ये बसवली, फाइल उघडली आणि मला हाक मारली. पडद्यावर एका मोठ्या कंपनीचे बोधचिन्ह होते आणि त्याखाली ‘इंग्लिश विलो’ असे शब्द व प्रत. बॅट स्वस्तातल्या काश्मीर विलोच्या होत्या. तांबूस छटा आणि हातात घेताच जाणवणारे वजन, यावरून ते त्यालाही कळले होते. म्हणूनच त्याने हाक मारली होती.

मी फोन लावला आणि कंपनीचे परवानगीपत्र मागितले. व्यापारी शांतपणे म्हणाला, “मॅडम, पत्र मिळालं असतं तर बॅटही तिथूनच आल्या असत्या ना. तुम्ही फक्त कोरायचं, विकणार मी. स्टिकर छापणाऱ्याला कोणी विचारतं का?” मी म्हटले, की माझ्या गाळ्यात हे होणार नाही. त्याने आवाजही चढवला नाही. संध्याकाळी तोच टेम्पो परत आला, मदतनिसाने बॅट खाली नेऊन भरल्या, आणि अकादम्यांचे कामही त्या दिवसापासून बंद झाले.

कायदा मला नंतर एका वकील मैत्रिणीने समजावला. १९९९ च्या ट्रेड मार्क कायद्याचे कलम १०३ खोटे चिन्ह लावणाऱ्यालाच पकडते. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. म्हणजे ‘तुम्ही फक्त कोरायचं’ या वाक्यात मला काहीही संरक्षण नव्हते. तरीही मी कायद्याला घाबरून नकार दिला असे म्हणणार नाही, कारण नकार देताना मला तो माहीतच नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर शिवाजी पार्कच्या नेट्सजवळ मुलाची किट सांभाळत उभी असणारी आई होती, जी त्या दोन शब्दांसाठी कितीतरी पट पैसे मोजेल.

पुढचे काही महिने भाडे भरताना ओढाताण झाली आणि शेवटी मदतनिसाला काम नाही म्हणून सांगावे लागले. त्याने वाद घातला नाही. एवढेच विचारले, “ताई, ते काम आपण घेतलं असतं तर?” मी त्याला उत्तर दिले नाही.

काही दिवसांनी त्याचा फोन आला. दुसऱ्या गाळ्यात लागला होता आणि विलोसाठी वेग व ताकद किती ठेवायची हे त्याला हवे होते. कोणत्या बॅट, हे मी विचारले नाही. त्याच्या आवाजावरून विचारायची गरजही नव्हती. मी आकडे सांगितले. चुकीच्या सेटिंगला लाकूड पेट घेते, आणि पेटले असते तर मशीनसमोर तोच उभा असता.

धंदा सुरू करताना बँकेसाठी कागदावर मी रोजचे नग, नगाचा दर आणि परतफेडीचे महिने मांडले होते. तेव्हाची मी आजच्या मला ठणकावून सांगते, की कारागिराने ग्राहकाचे हेतू तपासत बसू नये. काम तर झालेच, तुझ्याऐवजी दुसऱ्याने केले, आणि मधल्या मध्ये एका मुलाचा पगार गेला. मी तिला सांगते, की काम झाले असले तरी ते माझ्या हातून झाले नाही. ती लगेच विचारते, मग सेटिंग कोणी सांगितले? आणि एखादा शाळकरी मुलगा आपल्या बॅटवर आवडत्या खेळाडूची सही कोरून मागतो तेव्हा तू ती कोरून देतेस, ती कोणाच्या परवानगीने? ती एकाच बॅटवर असते, विकण्यासाठी नसते, असे मी म्हणते. हा फरक मला खरा वाटतो, पण तिला तो पटवून देणे मला आजही जमलेले नाही.

तेव्हा मशीन वसूल झाले का, याचे उत्तर असे: ट्यूब बदलण्याचा खर्च बाजूला ठेवला तर झाले, तो धरला तर थोडे बाकी आहे, आणि एका माणसाचा नियमित पगार त्यात धरला तर अजून बरेच बाकी आहे. या हिवाळ्यात शाळांच्या स्पर्धांचे काम थेट मिळवण्याचा माझा प्रयत्न चालू आहे. ते मिळाले तर मी त्या मुलाला परत बोलावणार आहे. तिथे त्याला माझ्याकडे मिळायचा त्यापेक्षा जास्त पगार मिळतो, असे तो म्हणाला होता.