खिडक्या लावा, बोगदा आला

बोरघाटात गाडी बोगद्यात शिरली की अख्खा डबा आजही ओरडतो. अंधाराची ही मजा लोकांना विजेमुळे मिळाली. १९२९-३० च्या सुमारास घाटात विजेवरची, लोकांनी लाडानं 'खेकडा' म्हटलेली इंजिनं धावू लागली. त्याआधी बोगद्याची चाहूल लागली की पहिल्यांदा खिडक्या खाली यायच्या. ओरडायला तोंड उघडावं, तर घशात धूर आणि डोळ्यात कोळशाची कणी.

घाट १८६३ साली सुरू झाला तेव्हा त्यात २५ बोगदे होते आणि काही ठिकाणी ३७ ला १ चा चढ, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. बोगदे बहुतेक आखूड, त्यामुळे प्रवाशांचं नाक दाबून का होईना, निभावून जायचं. इंजिनावरच्या दोघांचं तसं नव्हतं.

चढावर इंजिन सगळा जोर लावतं, म्हणजे सगळा धूरही तिथेच काढतं. उघड्यावर तो वर निघून जातो. बोगद्यात धुराड्याच्या डोक्यावर जेमतेम काही फुटांवर छत. धूर त्याला आपटून मागे वळतो तो थेट ड्रायव्हर-फायरमनच्या अंगावर. शिवाय चढा बोगदा म्हणजे स्वतःच एक तिरपं धुराडं. गरम हवा वरच्या तोंडाकडे ओढली जाते आणि गाडीही तिकडेच निघालेली असते. मागून वारा असला आणि त्याचा वेग गाडीएवढाच भरला, तर धूर इंजिनाचा पिच्छाच सोडत नाही. उतरणाऱ्या गाडीला हा जाच फारसा नाही. चढणाऱ्या गाडीला दोन इंजिनं जोडली की मागच्याच्या वाट्याला पुढच्याचाही धूर.

म्हणून खरी तयारी बोगद्याच्या आधीच. कोळसा पुरेसा आधी टाकून घ्यायचा, काळा धूर सरून आग लख्ख झाली की फावडं खाली. आत शिरल्यावर ताजा कोळसा टाकणं म्हणजे आपल्याच नाकाशी चूल पेटवणं. भट्टीचं दार बंद. आणि ब्लोअर, म्हणजे धुराड्यात वाफेचा झोत सोडणारी नळी, उघडा, हे विसरून चालतच नसे. रेग्युलेटर, म्हणजे इंजिनाला वाफ सोडणारी झडप, बंद केला की धुराड्यातून जाणारी वाफ थांबते, तिच्याबरोबर भट्टीची ओढही थांबते. त्यात बोगद्यातली दाबलेली हवा धुराड्यातून उलटी घुसली, तर ज्वाळा दारातून बाहेर, थेट माणसांवर. ब्लोअरची वाफ ती ओढ टिकवून धरते. बाकी उपाय घरगुती: ओलं फडकं तोंडाला, आणि अगदीच असह्य झालं तर खाली उकिडवं बसायचं, कारण त्यातल्या त्यात बरी हवा पायांपाशी.

घोटाळा व्हायचा तो चाक घसरलं की. थंड भिंतींवर वाफेचं पाणी होतं, ते काजळीबरोबर रुळावर उतरतं आणि रूळ शेवाळलेल्या पायरीसारखा होतो. चाकं जागच्या जागी गरगरतात, धुराड्यातले दणके वाढतात, भट्टी आणखी हवा ओढते, आणखी धूर. वाळू सोडून चाकांनी रूळ धरला तर ठीक. नाहीतर २ किलोमीटरचा बोगदा ताशी १२ किलोमीटरनं १० मिनिटांत संपायचा, तो संपतच नाही.

इटलीत बाल्वानोजवळ ३ मार्च १९४४ च्या मध्यरात्रीनंतर हेच झालं. युद्धाचे दिवस, कोळसा हलक्या प्रतीचा, ओले रूळ, ४७ डबे, दोन इंजिनं. गाडी मालाची, पण अन्नधान्याच्या शोधात निघालेल्या माणसांनी खचाखच भरलेली. आर्मी नावाच्या चढ्या बोगद्यात ती अडकली; मागचे काही डबेच काय ते बाहेर राहिले. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. ५०० हून अधिक माणसं गेली, त्यातली पुष्कळ झोपेतच. टक्कर नाही, डबा रुळावरून उतरला नाही, काचसुद्धा फुटायची गरज पडली नाही.

एरवी गाडीतले लोक निदान बाहेर तरी पडत. रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमनला गाडी गेल्यावरही आतच काम. भिंतीत ठरावीक अंतरावर माणूस मावेल एवढे कोनाडे ठेवलेले असतात; गाडी आली की साहित्य उचलून त्यात शिरायचं आणि पाठ भिंतीला लावायची. दुहेरी मार्गाच्या बोगद्यात धूर कोंडला की कंदील हातभरापलीकडे दिसत नाही, आवाज तर सगळ्या बाजूंनी घुमतो. चढाची गाडी गेली म्हणून कोनाड्यातून पाय बाहेर टाकावा, तर तिच्याच धुरात, तिच्याच आवाजाखाली, उताराची गाडी वाफ बंद करून नुसती घरंगळत येत असायची.