रामरक्षा एकदाच म्हणायची

मुलांमधला मंत्रचळ, ज्याला आता बहुतेक घरांत ओसीडी म्हणूनच ओळखतात, तो माझ्यापर्यंत बहुधा हात धुण्याच्या किंवा दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासण्याच्या रूपाने येतो. त्यातला पहिला प्रकार इंदूरमध्ये जरा उशिरा लक्षात येतो असे मला वाटते, कारण २०१७ सालच्या स्वच्छ सर्वेक्षणापासून पहिल्या क्रमांकाचा अभिमान बाळगणाऱ्या या शहरात हात घासून लाल करणाऱ्या मुलाचे आधी कौतुकच होते. मल्हारचे प्रकरण याहून नाजूक होते. त्याचा त्रास देवघरापुढे सुरू होत असे आणि म्हणूनच त्याला त्रास म्हणायला घरात कोणी धजत नव्हते. (मुलाचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, लिहिण्यास त्याच्या आईवडिलांची संमती आहे.)

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. औषधे लिहून देत नाही. मुलांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलून उपचार करते. मल्हार दहा वर्षांचा, पाचवीत शिकणारा, लोकमान्य नगरातल्या तीन पिढ्यांच्या मराठी घरातला मुलगा. माझ्याकडे येण्यापूर्वी त्याच्या पोटदुखीसाठी बालरोगतज्ज्ञांनी तपासण्या करून घेतल्या होत्या आणि त्यांत काही निघाले नव्हते. शाळेतून तो हळू लिहितो, फार खोडतो, अशी तक्रार आली होती, पण त्याच वर्षीच्या प्रगतिपुस्तकात ‘अत्यंत नीटनेटका’ असा शेराही होता. एके रात्री साडेअकराच्या सुमाराला, संध्याकाळी दिवेलागणीला रामरक्षा म्हणायला उभा राहिलेला मुलगा अजून देवघरापुढून हलत नाही, जेवलेला नाही आणि आता रडतो आहे, हे पाहून त्याच्या आईने गच्चीवर जाऊन १४४१६ हा क्रमांक फिरवला. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि ती चोवीस तास चालते. तिथल्या समुपदेशकाने तिला दोनच गोष्टी सांगितल्या : मुलाला रागावू नका, आणि मुलांच्या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या व्यक्तीला प्रत्यक्ष दाखवा. फोनवरच्या अनोळखी माणसाने आपल्याला वेड्यात काढले नाही, एवढ्यानेच आपल्याला धीर आला, असे ती मला म्हणाली.

पहिल्या भेटींमध्ये मी मूल्यमापन केले. या टप्प्यावर घाई करून चालत नाही. तीन-चार वर्षांचे मूल झोपताना तीच गोष्ट, तीच चादर आणि त्याच क्रमाने पापे मागते, तो आजार नव्हे. घसा दुखून ताप आल्यानंतर एक-दोन दिवसांत अशी लक्षणे एकाएकी उसळली असतील, तर प्रकरण वेगळ्या दिशेने तपासावे लागते. तसे काही इथे नव्हते. डोळे मिचकावणे, खांदे उडवणे, झोप, भूक, जगणे नकोसे वाटते का, हे सगळे विचारून झाले. लक्षणांची तीव्रता मोजण्यासाठी आम्ही मुलांकरिता बनवलेली सीवाय-बॉक्स ही दहा प्रश्नांची श्रेणी वापरतो. तिच्यात ४० पैकी मल्हारचे २३ गुण आले, म्हणजे मध्यम तीव्रतेची वरची कड. वडिलांचा पहिला प्रश्न औषधांबद्दल होता आणि तो विचारतानाच उत्तर ‘नाही’ असावे अशी त्यांची इच्छा दिसत होती. अमेरिकेत ७ ते १७ वर्षांच्या ११२ मुलांवर झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात औषध आणि वर्तनोपचार दोन्ही मिळालेल्या गटाला सर्वाधिक फायदा झाला होता, हे मी त्यांना सांगितले. मल्हारच्या बाबतीत माझे आणि माझ्या मनोविकारतज्ज्ञ सहकाऱ्यांचे मत असे पडले की आधी वर्तनोपचार करावा आणि गरज भासल्यास औषधाचा विचार करावा. औषध म्हणजे पराभव, ही समजूत मात्र मी तिथेच खोडून काढली, कारण ती राहू दिली की पुढे गरज असतानाही पालक टाळाटाळ करतात.

खरी गोष्ट मल्हारने मला एकटीला सांगितली. आदल्या वर्षी आजोबांची बायपास शस्त्रक्रिया झाली, तेव्हा घरातली मोठी माणसे रुग्णालयात होती आणि आजीने त्याला सांगितले होते, “तू रामरक्षा म्हणत बैस, आजोबा बरे होऊन येतील.” तो म्हणत बसला. आजोबा बरे होऊन आले. रामरक्षेतील कवचाचा भाग ज्यांना पाठ आहे त्यांना त्याची रचना ठाऊक आहे : डोक्यापासून सुरुवात करून कपाळ, डोळे, कान, नाक असे करत एकेका अवयवाचे रक्षण मागत ते पायांपर्यंत उतरते. मल्हार हृदयाच्या ओळीशी अडत असे. ती ओळ म्हणताना मनात दुसरा विचार आला, जीभ अडखळली किंवा बाहेर कोणी शिंकले, तर ती ओळ ‘लागली नाही’ असे त्याला वाटे. मग पुन्हा पहिल्यापासून. ओळ म्हणताना आजोबा जमिनीवर पडलेले दिसतात, आणि आपण असे पाहिले म्हणजे आपल्याला तसे व्हावेसे वाटते की काय, हा प्रश्न त्याला त्याहून भयंकर वाटत होता. या आजारात अनेक मुलांची हीच गत असते : मनात आलेला विचार आणि आपली इच्छा यांत त्यांना फरक करता येत नाही, आणि तो विचार कोणाला सांगायचीही लाज वाटते. तुझ्यासारखे विचार इतर मुलांच्याच काय, मोठ्या माणसांच्या मनातही येऊन जातात, फक्त ती त्यांच्याशी वाद घालत बसत नाहीत, हे सांगितल्यावर त्याने “तुमच्यापण?” असे विचारले. मी हो म्हटले.

या लेखाचे निमित्त झालेला दिवस त्यानंतरचा आहे. त्या दिवशी आजी प्रथमच आल्या. नऊवारी नव्हे, साधी सुती पाचवारी, हातात कापडी पिशवी, आणि बसण्यापूर्वीच प्रश्न : “म्हणजे बाई, आता आमच्या मुलाने देवाचं नाव घ्यायचं नाही, असं तुमचं म्हणणं आहे का?”

प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर गुळमुळीत देऊन चालणार नव्हते. श्रद्धेशी गुंतलेल्या मंत्रचळाच्या उपचारात मुलाकडून त्याच्या घरच्या श्रद्धेविरुद्ध काही करवून घेणे हा उद्देश नसतो; त्याच श्रद्धेतला एखादा सामान्य, निरोगी माणूस जेवढे आणि जसे करतो, तिथपर्यंत मुलाला आणायचे असते. ते माप मला माझ्या पुस्तकांतून मिळणार नव्हते, आजींकडूनच मिळणार होते. म्हणून मी त्यांना विचारले, “आजी, तुमची रामरक्षा कशी होते?”

आजी हसल्या. “माझी काय विचारता! निम्मी कुकरच्या शिट्ट्यांत जाते. मधे दूधवाला येतो, कधी फोन वाजतो, कधी दोन ओळी गळतात. म्हणते आणि नमस्कार करून मोकळी होते.”

“गळलेल्या ओळींसाठी परत मागे जाता?”

“छे, मागे कशाला जाऊ? रामाला काय मोजायला बसवलंय?”

मल्हार हे ऐकत होता आणि मी त्याच्याकडे पाहत होते. आपल्याला रामरक्षा शिकवणारी आजी ती अपुरी म्हणते आणि शांतपणे भाजी फोडणीला टाकते, हे त्याला ठाऊकच नव्हते. तेवढ्यात आजींना एक तोडगा सुचला. स्तोत्र झाल्यावर चुकलेल्या अक्षरांची आणि राहिलेल्या मात्रांची क्षमा मागणारा श्लोक आपल्याकडे म्हणतातच. तो एकदा म्हटला की सगळ्या चुका माफ, मग मागे जाण्याचे कारण काय? परंपरेनेच चूक गृहीत धरून ठेवली आहे, हा त्यांचा मुद्दा मला मनापासून आवडला. मल्हारच्या वडिलांचा चेहरा तर प्रश्न सुटल्यासारखा उजळला. मी मल्हारला विचारले, “तू तो श्लोक किती वेळा म्हणशील?”

तो म्हणाला, “एकदाच.” थोडा थांबला आणि म्हणाला, “पण तो नीट नाही झाला तर? त्याच्या चुकीची माफी कशात मागायची?”

खोलीत कोणी काही बोलले नाही. हा आजार कसा चालतो हे मी आधीच्या भेटींत चित्र काढून समजावले होते : भीतीचा विचार, त्यातून घालमेल, ती शमवण्यासाठी कृती, क्षणभर सुटका आणि त्या सुटकेमुळेच पुढच्या वेळी अधिक जोराने येणारी भीती. आईवडिलांनी माना डोलावल्या होत्या. पण दहा वर्षांच्या मुलाच्या त्या एका प्रश्नाने जे त्यांच्या ध्यानात आले ते माझ्या चित्राने आले नव्हते. आजींनी पुढचा मार्ग सुचवला, तोही अतिशय मायेने : “मग त्याच्या वतीने मीच म्हणेन, त्याने नुसतं ऐकावं.” मला तोही नाकारावा लागला, कारण त्यात काम फक्त एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेले असते.

मग आई बोलू लागली. रोज रात्री झोपण्यापूर्वी मल्हार तिला विचारत असे, “आजोबांना काही होणार नाही ना?” आणि ती प्रत्येक वेळी “नाही रे राजा” म्हणत असे. आरंभी एकदा, मग दहादा, अलीकडे ती डुलकी लागली तरी झोपेतच उत्तर देत असे. वडील त्याची वही त्याच्याआधी तपासून ‘बरोबर आहे’ असे सांगत. सायंकाळी सात ते आठ टीव्ही बंद, मिक्सर बंद, दाराची घंटा बंद, असा घराचा नियमच झाला होता. हे सगळे प्रेमापोटी होते आणि हे सगळे आजाराला खतपाणी घालत होते. अशा मुलांच्या बहुतेक घरांत हेच घडते, म्हणून उपचाराचा निम्मा भाग मोठ्यांनी करायचा असतो. या ठिकाणी आजींचे डोळे भरून आले. मीच त्याला बसवले होते ना म्हणायला, असे त्या म्हणाल्या. त्यांना मी जे सांगितले ते प्रत्येक घरात सांगावे लागते : या आजाराकडे कल आनुवंशिक असू शकतो, मेंदूतील काही मंडलांच्या कामाशी त्याचा संबंध आहे, आणि आजारी आजोबांसाठी नातवाला स्तोत्र म्हणायला सांगितल्याने तो होत नाही. लाखो मुलांनी असे म्हटले आहे आणि ती खेळायला गेली आहेत. रामरक्षा नसती तर या आजाराने दुसरे काहीतरी धरले असते, फरशीच्या रेघा किंवा जिन्याच्या पायऱ्या.

त्या दिवसासाठी मी जो सराव ठरवून ठेवला होता, तो आजी असल्यामुळे वेगळ्याच रीतीने झाला. ईआरपी या पद्धतीत मूल भीतीला थोड्या थोड्या मापाने सामोरे जाते आणि नेहमीची सुटकेची कृती करायचे टाळते. पायऱ्या मुलाच्या संमतीने ठरतात. बळजबरीने केलेला सराव हा उपचारच नव्हे. आजींनी त्यांच्या नेहमीच्या वेगाने कवच म्हणायचे आणि मल्हारने त्यांच्याबरोबर म्हणायचे, मागे जायचे नाही आणि शेवटी क्षमेचा श्लोकही नाही, असे ठरले. मी मुद्दाम दार किंचित उघडे ठेवले. पलासियाच्या रस्त्यावरचे हॉर्न आत येत होते. हृदयाच्या ओळीला नेमकी मल्हारची जीभ अडखळली. आजी पुढे निघून गेल्या होत्या. त्याने माझा हात घट्ट धरला, पण मागे गेला नाही. दोन ओळी सुटल्यावर पुढची पकडली.

भीती किती, असे दहापैकी विचारल्यावर तो आठ म्हणाला. आम्ही काहीच केले नाही. त्याने “आजोबा ठीक असतील ना?” असे विचारले आणि आई उत्तर द्यायला तोंड उघडणार तोच तिने स्वतःला आवरले. ठरल्याप्रमाणे ती म्हणाली, “हा प्रश्न आजाराचा आहे, मी त्याला उत्तर देणार नाही. पण मी इथे बसले आहे.” हे एक वाक्य उच्चारणे तिला किती जड गेले हे मी पाहत होते. काही वेळाने भीती सहावर आली. ती खाली यावी हे बरे, पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचे ते नव्हते. ओळ अर्धवट राहिली आहे, काय होईल ते नक्की माहीत नाही, आणि तरीही आपण इथे बसून आजीच्या पिशवीतला चिवडा खाऊ शकतो, हे त्याला कळले होते.

पुढचे महिने सरळ रेषेत गेले नाहीत. रामरक्षा आटोक्यात आली तशी भीतीने शाळेच्या वहीत ठाण मांडले आणि खोडरबर दप्तरातून काढून ठेवण्याची नवी पायरी आम्हाला आखावी लागली. वर्गशिक्षिकांना, पालकांच्या परवानगीने, जेवढे आवश्यक तेवढेच सांगितले. त्यांनी खाडाखोडीचे गुण कापायचे थांबवले आणि वेळ संपली की वही उचलायची, एवढे केले.

आजोबांना यातले काही सांगू नये असे घरच्यांचे मत होते. मला ते पटत नव्हते, कारण लपवाछपवीमुळे मुलाची शंका बळावते. शेवटी त्यांना कळले तेव्हा ते पुढच्या भेटीला स्वतः आले, आणि येताना हृदयरोगतज्ज्ञांची संपूर्ण फाइल, इसीजीच्या पट्ट्या आणि इकोचा अहवाल घेऊन आले. नातवाला एकदा कागदोपत्री दाखवून टाकतो, म्हणजे त्याची काळजी कायमची मिटेल, अशी त्यांची योजना होती. आजींनी माझ्याआधीच त्यांना थोपवले. “ठेवा ती आत,” त्या म्हणाल्या, “आज दाखवाल तर उद्या तो नवी मागेल.” मल्हार हे ऐकून हसला आणि आजोबांनी नाराजीने फाइल पिशवीत घातली.

मल्हारचे सीवाय-बॉक्सवरचे गुण अलीकडे ११ आले आहेत. औषध अद्याप लागलेले नाही. ताण वाढला की लक्षणे डोके वर काढतात, म्हणून वार्षिक परीक्षेच्या आधीची भेट आताच ठरवून ठेवली आहे.