तुम्ही विचारलंत म्हणून: आधी नळ, मग राजकारण

लग्नकार्यात कुणी ओळख करून दिली, "या आमच्या माजी सरपंच", की पुढचा प्रश्न ठरलेला. "ताई, तुम्हाला राजकारणात यावंसं का वाटलं हो?" विचारणाऱ्याला वाटतं, लहानपणी काहीतरी बघितलं असेल, मन पेटून उठलं असेल. तसं माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

पहिल्यांदा तर मला काहीच वाटलं नव्हतं. 2012 ला आमच्या वॉर्डातली जागा महिला राखीव निघाली. राज्यात ग्रामपंचायतींतलं बायकांचं आरक्षण 33 वरून 50 टक्के होऊन वर्षच झालं होतं. आमच्या ह्यांनी स्वतःसाठी सगळी तयारी केलेली. सोडत निघाली आणि बॅनरवर मी गेले. फोटोसुद्धा लग्नातला कापून काढलेला, कडेला ह्यांचा खांदा तसाच राहिलेला. त्यांना तरी का उभं राहायचं होतं? भावकी. त्यांचा चुलतभाऊ दोन टर्म सदस्य होता आणि बांधावरून बोलणं बंद होतं. गावातलं निम्मं राजकारण असंच बांधावर उगवतं. भाषणात मात्र ते विकास म्हणून येतं.

वर्षभर मी मासिक सभेला क्वचितच गेले. प्रोसिडिंगवर सही घ्यायला शिपाई घरी यायचा, मी हात पुसून सही करायचे.

मग उन्हाळा आला. आमच्या गल्लीला पाणी आठवड्यातून एकदा, तेही रात्री दोनला. पाणी सोडणाऱ्याकडे व्हॉल्व्हची कमरेएवढी लोखंडी चावी असायची, वर आडवा दांडा. त्याला विचारलं, "कुठल्या गल्लीला कधी, हे ठरवतं कोण?" तो म्हणाला, "वरनं सांगत्यात." वर म्हणजे कुठं? ग्रामसेवकाकडे कागद मागितला, तर असा कागदच नव्हता. पुढच्या सभेला मी स्वतः गेले आणि वेळापत्रक फळ्यावर लावायचा ठराव घ्यायला लावला. आमची पाळी पहाटे पाचला आली. एवढंच.

पण त्या आठवड्यात दारात आलेल्या बायका "मालक आहेत का?" असं न विचारता "ताई आहेत का?" म्हणाल्या. ते मला फार आवडलं, खोटं कशाला बोलू. ही सेवा की मिरवणं, ते आजही मला वेगळं काढता येत नाही. लोकसेवेसाठी आलो म्हणणाऱ्या कुणालाही ते काढता येत असेल, असं मला वाटत नाही. मृणालताई गोरे वैद्यकीय शिक्षण सोडून समाजवादी चळवळीत आल्या, आणि पाण्यासाठी लढल्या म्हणून मुंबईने त्यांना 'पाणीवाली बाई' म्हटलं. त्यांचा विचार आधी, नळ नंतर. माझं उलटं झालं. विचार अजून येतोच आहे.

पैशासाठी येतात का, हेही विचारतात. येतात की. केंद्राच्या चौदाव्या वित्त आयोगाचा निधी 2015 पासून थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर यायला लागला, तेव्हापासून पॅनेलच्या बैठकीत ठेकेदारही मांडी घालून बसायला लागले. काही हजारांच्या मानधनासाठी माणूस लाखांनी खर्च करतो, तेव्हा हिशेब कुठेतरी लागणारच.

2017 ला सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं. तेव्हा मी आपणहून अर्ज भरला. ह्यांचा विरोध होता, भावकीचा पाठिंबा! चुलतदिरानेच सूचक म्हणून सही केली. का, ते मी विचारलं नाही. निवडून आले. पाच वर्षांत पाण्याची नवी टाकी झाली, गटाराचं काम अर्धं राहिलं.

पुढच्या वेळी सरपंचपद दुसऱ्या प्रवर्गाला गेलं, मी घरी बसले. तरी पाण्याची मोटार जळाली की पहाटे कडी वाजते. हे उठून दार उघडतात. बाहेरची बाई म्हणते, "तुम्ही नका उठू दादा, ताईंना बोलवा."