आमची वाटचाल : लष्करी कोटांचं दुकान

आमचं मूळ गाव इचलकरंजी. घरचे यंत्रमाग, त्यामुळे सुती कापड चिमटीत धरून पारखायची सवय लहानपणापासूनची. लीड्सला टेक्स्टाइल शिकायला आलो आणि तिथल्या बाजारात ब्रिटिश सैन्याचा 1940 पॅटर्नचा ग्रेटकोट, म्हणजे जाड लोकरी ओव्हरकोट, हाती पडला. असलं कापड आमच्या मागांवर कधी निघालं नव्हतं. विणल्यावर लोकर साबणाच्या पाण्यात कुटून इतकी आटवतात की कापलेल्या कडेतून धागा सुटत नाही. सोव्हिएत शिपायाच्या शिनेलची, म्हणजे त्यांच्या असल्याच लोकरी कोटाची, खालची कड तर दुमडलेलीही नसते, कात्री मारून तशीच सोडलेली.

नोकरी सांभाळून शनिवार-रविवार स्टॉल लावला, मग धाकट्या भावाला बोलावलं, मग दुकान घेतलं. आप्पा फोनवर म्हणाले, "एवढं शिकून मेलेल्यांची कापडं विकणार व्हय रं?" खरं तर यातले कितीतरी कोट कुणाच्या अंगाला लागलेलेच नसतात. युद्ध होईल म्हणून शिवायचे, गोदामात रचायचे, सैन्य घटलं की गठ्ठ्याने विकायचे. 1990 मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि पूर्वेकडच्या सैन्याचा माल असाच बाजारात ओतला गेला. आप्पांना हे पटलंय असं मी म्हणणार नाही.

गठ्ठा फोडला की आधी कॉलरखाली आणि खिशाच्या झडपेखाली बघायचं. कसर लागते ती तिथेच. शंका आली की कोट पिशवीत बांधून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये. मग आतलं लेबल : बाणाचा सरकारी शिक्का, शिवणाऱ्याचं नाव, साल, माप. कोट गणवेशावरून चढवायचा असे, म्हणून नुसत्या शर्टावर घालणाऱ्याला आम्ही एक नंबर लहानच देतो. गिऱ्हाईक आधी वाद घालतं, आरशात पाहिलं की गप्प बसतं. मशीनमध्ये धुवू नका, हे मात्र पावतीवरच छापलंय.

सैन्यात नसलेल्याने परवानगीवाचून गणवेश किंवा रेजिमेंटची खूण मिरवू नये, असा इथे 1894 चा कायदा आहे. त्यामुळे बिल्ले आम्ही उतरवतो. अस्तरावर शाईने लिहिलेलं शिपायाचं नाव मात्र पुसत नाही, कुणी जास्त पैसे दिले तरी.

हल्ली विक्रीपेक्षा दुरुस्तीच जास्त येते. पाठीवरचा तुटलेला पट्टा, विरलेलं अस्तर, हरवलेली बटणं. ते खातं भावाकडे. स्वीडिश कोटाची तीन मुकुटांची बटणं कुणाकडे सुटी पडली असतील तर कळवा, रोख पैसे देऊ.