आमची वाटचाल : वरकस माळावरची रोपवाटिका

आमच्या रोपवाटिकेच्या पाटीवर जे गाव लिहिलं आहे, ते आता कुठल्याच तालुक्यात नाही. ते कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेलं. गिऱ्हाइकं विचारतात, हे गाव नेमकं कुठे आलं? प्रत्येकाला सांगत बसायला आता दम पुरत नाही, म्हणून एकदा लिहून ठेवतो.

1960 च्या सुमारास आम्हाला उठवलं. मी तेव्हा शाळकरी पोर. आंबेनळी घाट उतरून पोलादपूरमार्गे ट्रकने तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात आलो. बरोबर देवाचे टाक, जातं, नाचणीचं आणि वरीचं बी. गुरं माणसांबरोबर चालत आली. इथली चांगली भातखाचरं इथल्या लोकांची, ती त्यांनी का सोडावीत? आमच्या वाट्याला वरकस माळ आला. वर मुरूम, खाली कातळ, आणि जो तुफान पाऊस पडेल तो सगळा ओढ्याला. 1962 साली कोयनेची वीज सुरू झाली, तिच्यावर कारखाने चालले. आमच्या वसाहतीत मात्र कित्येक वर्षं कंदीलच होते. पुनर्वसनाचा कायदा राज्यात झाला 1976 साली. तोवर आमची एक पिढी मातीआड गेली होती. इथले लोक आम्हाला ‘घाटी’ म्हणत. वडिलांनी ते मुकाट्याने ऐकून घेतलं. मला ते आजही सलतं.

माळावर नाचणी होईना, म्हणून मी समुद्राकडच्या एका बागेत कामाला लागलो. तिथे भेट कलम शिकलो. आज पिशवीतलं कलम हातात घेणाऱ्याला ते कष्ट कळायचे नाहीत. रायवळ, म्हणजे गावठी आंब्याचं रोप मातीच्या मडक्यात वाढवायचं, मातृवृक्षाखाली, म्हणजे ज्या जातिवंत झाडाचं कलम हवं त्याच्याखाली बांबूचा मचाण बांधायचा, त्यावर ती मडकी मांडायची, आणि रोपाची व झाडावरच्या फांदीची साल तासून दोन्ही एकमेकांना बांधायची. मग दोन-तीन महिने मडक्यांना रोज झारीने पाणी. एक मडकं लवंडलं की सगळी मेहनत वाया.

पुढे दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ 1972 साली झालं आणि कोय कलमाचा रस्ता मोकळा झाला. बाठा, म्हणजे आंब्याची कोय रुजवायची, रोपाची पानं अजून तांबूस कोवळी आहेत तोवरच शेंडा छाटून मधोमध चीर द्यायची, आणि पाचर तासलेली डोळकाडी, म्हणजे मातृवृक्षाच्या फांदीचा शेंडा, तिच्यात बसवून प्लॅस्टिकची पट्टी आवळायची. मचाण नको, मडकी नकोत. पण हात तयार लागतो. चाकू एका ओढीत चालला पाहिजे, काप दुसऱ्यांदा तासला की सांध्यात फट राहते. माझा पहिला चाकू लोहाराकडून करून घेतलेला होता, हस्तिदंती नव्हे, साध्या सागवानी मुठीचा. दगडावर पाणी टाकून त्याला धार लावायची आणि मनगटावरचा केस उडतो का ते बघायचं. नातू आता विकतचे बदलत्या पात्यांचे चाकू वापरतो. मी काही बोलत नाही, पण माझा चाकू मी कोणाला देत नाही.

सुरुवातीला माझ्याबरोबर शेजारच्या कातकरी वाडीतला एक गडी होता. माळावरची विहीर आम्ही दोघांनी खणली. डोळकाडी निवडावी तर त्यानेच. दहा दिवस आधी पानं छाटून, नुसते देठ ठेवलेला, डोळा फुगलेला पण न फुटलेला शेंडा तो लांबूनच हेरायचा. धंदा दोघांचा होता. कागदावर त्याचं नाव लागलं नाही, कारण कागदावर जमीन माझीच धड माझी नव्हती. तो आता नाही. त्याचा मुलगा आजही आमच्याकडे मुख्य कलमकार आहे.

मधली वर्षं बरी गेली. कुलाब्याचं रायगड झालं, मुलांची लग्नं झाली.

1990 साली रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली, शंभर टक्के अनुदानाची. ज्या माळाला कोणी विचारत नव्हतं, त्यावर अचानक आंबा-काजूचे खड्डे पडू लागले. आम्ही पतसंस्थेचं कर्ज काढून हजारोंनी कलमं बांधली. त्याच सुमारास हमरस्त्याला लागून एकाने रोपवाटिका थाटली. परवाना, पाटी, जीप, सगळं होतं. नव्हती ती कलमं. रायवळ रोपाच्या बुंध्याला पट्टी गुंडाळून तो हापूस म्हणून विकायचा, आमच्या निम्म्या दराने. आंब्याची लबाडी कळायला पाच-सहा वर्षं जातात, तोवर विकणारा मोकळा. आमच्या मागण्या एकेक करून त्याच्याकडे गेल्या. ‘घाटी माणूस, त्याला हापूस काय कळणार’ असं तो गावोगाव सांगत फिरला. आमची कलमं पिशवीतच थोराड झाली, मुळांनी तळाशी वेटोळी घातली. मोठ्या पिशव्यांना पैसे नव्हते. बैल विकले, पंप विकला. बँकेत गेलो तर सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, म्हणून तारण चालेना. ज्यांनी महाराष्ट्राला उजेड दिला, त्यांची जमीन गहाणालाही नालायक!

तेव्हा पेणच्या खारेपाटातले, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातले एक काका उभे राहिले. बांधावर लावायला बाणवली नारळाची रोपं ते आमच्याकडूनच नेत. एसटीने येत, पायताण बाहेर काढून वाफ्यांत शिरत. पिशवी उचलून सांध्यावर अंगठा फिरवत आणि मगच बोलत. त्यांच्या भावकीची वर डोंगराकडे जमीन होती. ते म्हणाले, “पावणं, तुमचा सगळा जुना माल मी घेतो. निम्मे पैसे आता, निम्म्याचं भात झोडणीनंतर.” घासाघीस केली नाही. मी स्वतः जाऊन प्रत्येक कलमाचं वेटोळं कापलं आणि लावून दिलं. त्या भाताने आम्ही ते वर्ष काढलं. पाच-सहा वर्षांनी त्यांच्या बागेत हापूस धरला आणि हमरस्त्यावाल्याच्या गिऱ्हाइकांच्या बागेत आंबट रायवळ. तो जीप घेऊन निघून गेला. पण सगळेच रोपवाटिकावाले चोर, असं बोलणं तो मागे ठेवून गेला, आणि ते निस्तरायला आम्हाला फार वर्षं लागली. त्याला शिक्षा झालेली मी ऐकली नाही. फळरोपवाटिकांचा कायदा 1969 पासून आहे, तरीही.

निसर्ग वादळाने 3 जून 2020 ला शेडनेट उडालं, जुने मातृवृक्ष आडवे झाले. ते पुन्हा उभं केलं, मुलानेच केलं. जमीन वर्ग 1, म्हणजे पुरती आमच्या मालकीची करून घेण्याचं प्रकरण अजून चालू आहे. तारीख मिळते, उत्तर मिळत नाही. नातू त्यामागे आहे.

नव्या पोरांना सांगतो, विचारलं नाही तरी सांगतो. मातृवृक्ष स्वतःचे ठेवा, मागून आणलेल्या डोळकाडीवर विश्वास टाकू नका. लावताना सांधा मातीच्या वर राहू द्या. पट्टी वेळेवर सोडा, नाहीतर ती खोडात रुतते. सांध्याखालून फुटलेली फूट दिसली की लगेच काढा, तिला दया दाखवलीत तर ती हापूसला खाऊन टाकेल. आंब्याला दहा मीटर अंतर म्हणजे दहाच, मध्ये आणखी एक बसवू नका.

यंदा काजूची वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 तयार आहेत, आंब्यात हापूस आणि रत्नाही आहे. न्यायला याल तेव्हा पिशवी उचला, सांध्यावर अंगठा फिरवा, आणि मग पैसे काढा.