आवाज ओळखीचा, चेहरा नंतरचा

शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या क्षेत्राविषयी लिहावं, असं संपादक मंडळाचं पत्र आलं. माझं क्षेत्र म्हणजे बोलणं. आधी आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदक, मग काही वर्षं दूरदर्शन, आणि आता नव्या मुलामुलींना शिकवणं. वर्गात बडबडीबद्दल ज्याला हमखास बाकावर उभं केलं जाई, त्यानं बडबडीवरच पोट भरलं, याची आमच्या बॅचला अजून गंमत वाटते. पण स्वतःबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ज्यांना ऐकून मी या धंद्यात शिरलो, त्यांच्याबद्दल मात्र पुष्कळ आहे.

आठवीत माझ्याकडे फळ्यावर बातम्या लिहिण्याचं काम होतं. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्रावरून प्रादेशिक बातम्या लागत. सुधा नरवणे यांचा आवाज कानावर पडला की मी वही उघडून बसायचो. लिहून घेणाऱ्या मुलाला फार भरभर वाचणारा माणूस नको असतो, आणि फार रेंगाळणाराही. त्यांच्या वाचनात शेवटचा शब्द कधी गिळला जात नसे, त्यामुळे गावांची नावंसुद्धा मला नीट टिपता येत. मराठीच्या बाईंनी याच काळात प्रकट वाचनात एक गोष्ट आमच्याकडून घोटून घेतली : स्वल्पविरामाशी नुसतं थांबायचं, श्वास पूर्णविरामाला घ्यायचा. पुढे स्वरचाचणीच्या वेळी मला याचा जितका उपयोग झाला, तितका कुठल्याच पुस्तकाचा झाला नाही.

मुंबई केंद्रावर ‘पुन्हा प्रपंच’ ही कौटुंबिक श्रुतिका लागे. प्रभाकर जोशींचे प्रभाकरपंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी. माझी आजी तर भावजींना शेजारी राहणारा माणूसच समजायची. कुडतरकरांचा पल्ला मोठा होता. कामगारांसाठीचे कार्यक्रम, नाटकं आणि फिल्म्स डिव्हिजनच्या माहितीपटांचं मराठी निवेदनही त्यांनी केलं. म्हणजे पडद्यावर चित्र दुसऱ्याचं आणि आवाज त्यांचा. दूरदर्शन येण्याच्या कितीतरी आधीपासून ही माणसं चित्राशी जमवून घ्यायला शिकत होती, हे आपण विसरतो.

अमीन सायानींबद्दल न लिहिणं शक्यच नाही. १९५२ साली गीतमाला हा त्यांचा हिंदी सिनेगीतांचा, बुधवारी रात्री लागणारा कार्यक्रम सुरू झाला तो रेडिओ सिलोनवर, कारण माहिती आणि नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात आकाशवाणीवर सिनेसंगीताला जागा उरली नव्हती. कार्यक्रम मुंबईत मुद्रित व्हायचा आणि टेप विमानाने कोलंबोला जायच्या. आकाशवाणीने १९५७ साली विविध भारती काढली, पण बुधवारची रात्र सायानींचीच राहिली. त्यांची आई कुलसुम सायानी ‘रहबर’ नावाचं पत्र काढत. त्या कामात मुलाचाही हात असे, आणि त्यांच्या सोप्या हिंदुस्तानीचं मूळ मला तिथंच दिसतं. एवढा लोकप्रिय माणूस, पण तो पडद्यावरचा कायमचा चेहरा झाला नाही. सिनेमात दिसले तेही बहुधा निवेदक म्हणूनच. मला यात काही उणीव वाटत नाही. तो आवाज ऐकताना प्रत्येकाच्या मनात एक चेहरा असे, त्याच्याशी खऱ्या चेहऱ्याची स्पर्धा लावायची कशाला?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, तेव्हा ते आकाशवाणीचाच भाग होतं. १ एप्रिल १९७६ पासून दोघांचे संसार वेगळे झाले. रेडिओवरची माणसं पडद्यावर येणं त्यामुळे स्वाभाविकच होतं. भक्ती बर्वे आकाशवाणीवर निवेदिका होत्या, मग दूरदर्शनवर बातम्या देऊ लागल्या आणि रंगभूमीवर तर त्यांनी काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांना ऐकताना जाणवे की शब्द उच्चारण्याआधीच त्यांना दिसलेला असतो. अनंत भावे बातम्या देत तेव्हा आम्हा मुलांना अप्रूप वाटे, कारण बालकवितांखाली हेच नाव असायचं. प्रदीप भिडे मात्र दूरदर्शनचेच, आणि सातच्या बातम्या म्हटलं की आजही अनेकांना तोच स्वर आठवतो.

दोन्हीकडे काम केल्यावर मला कळलं की अडचण चेहऱ्याची नसते, हातांची आणि शांततेची असते. आकाशवाणीच्या स्टुडिओत लाल दिवा लागला, फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर गेला की तुम्ही हातवारे करा, डोळे मिटा, कोणी बघत नाही. फक्त कागदाची सळसळ होता कामा नये, म्हणून पानं टाचायची नाहीत, एकेक अलगद बाजूला सरकवायचं. कॅमेऱ्यापुढे कागद वाजला तरी चालेल, पण नजर कागदात अडकली की प्रेक्षक गेला. कॅमेऱ्यापुढे मजकूर दाखवणारा टेलिप्रॉम्प्टर हाताशी नव्हता तेव्हा वाक्याचा उत्तरार्ध डोक्यात धरून मान वर करावी लागे. बाई शिकवत होत्या तेच हे.

शांततेचं गणित तर उलटंच. रेडिओवर पाच सेकंद काही ऐकू आलं नाही तर श्रोता काटा फिरवतो. १९४८ साली गांधीजींच्या अंत्ययात्रेचं आकाशवाणीचे मेलव्हिल डीमेलो यांनी सुमारे सात तास धावतं वर्णन केलं, कारण गप्प बसण्याची सोयच नव्हती. जसदेव सिंग यांनी प्रजासत्ताक दिनाचं संचलन रेडिओवरही सांगितलं आणि दूरदर्शनवरही. रेडिओवर घोड्याचा रंग सांगावा लागतो, टीव्हीवर तो सांगितला की हसू होतं. मराठीत क्रिकेट सांगणारे बाळ ज. पंडित स्वतः रणजी खेळलेले, त्यामुळे क्षेत्ररक्षक कुठे उभा आहे ते ऐकूनच मैदान डोळ्यांपुढे येई. हल्लीचं टीव्हीवरचं समालोचन मला थकवतं. चित्र दिसत असताना तेच पुन्हा सांगण्याची हौस कुठून आली, कोण जाणे.

शिकायला येणाऱ्यांना मी एकच बातमी दोनदा वाचायला देतो, एकदा पडद्याआड बसून आणि एकदा कॅमेऱ्यासमोर. बहुतेक जण दुसऱ्या वेळी आवाज चढवतात, जणू काही माणूस दिसला म्हणजे तो लांब गेला.

एक विनंती आहे. तेव्हा टेप महाग असे, जुनं पुसून त्यावर नवं मुद्रित होई, आणि बातमीपत्रं तर थेटच जात. पुष्कळ आवाज जपले गेले नाहीत. आपल्या बॅचमध्ये टेपरेकॉर्डर असलेली दोन-चार घरं होती. कुणाच्या माळ्यावर रेडिओवरून उतरवलेल्या जुन्या कॅसेट्स असतील, तर टाकून देण्याआधी शाळेच्या कार्यालयात कळवा. त्या ऐकून, लेबलं लावून, संगणकावर घ्यायचं काम मी आनंदाने करीन. बुरशी लागलेल्याही चालतील.